न केलेल्या तक्रारी

हरबन्ससिंग कोहलींनी सकाळी सव्वाआठला जेवणघरातून मला हाक मारली, ती खाली बाजारातही ऐकू गेली असेल. पराठा गार होता, लोणचं नुसतंच आंबट होतं, आणि मी इथे नेमका कशाचा पगार घेते, असा त्यांचा सवाल होता. मी फोनवर त्यांच्या कानामागच्या टिकलीचा आलेख पाहिला. नाडी अडुसष्ट, त्वचा कोरडी, सगळं हिरवं. गृहस्थ अगदी मजेत होते. पलीकडच्या टेबलावर पद्मासिनी मामी मात्र उपमा फार छान झालाय असं हसून सांगत होत्या आणि त्यांची टिकली लालभडक होती. मी कोहलींना हात जोडले आणि मामींकडे गेले. बरीच मनधरणी केल्यावर त्यांनी तोंड उघडून दाखवलं. कवळी आठ दिवस हिरडीत रुतत होती.

मी शलाका सबनीस, पाचगणीच्या टेकडी निवासातली तक्रार निवारण अधिकारी. ही इमारत पूर्वी निवासी शाळा होती. शाळेला मुलं मिळेनाशी झाली आणि म्हाताऱ्यांना जागा मिळेना, तेव्हा २०३६ साली तिचा वृद्धाश्रम झाला. हात धुवायची बेसिनं अजून गुडघ्याच्या उंचीवर आहेत. एकशे बारा निवासी, चौदा भाषा. रडल्याशिवाय आई पाजत नाही हे खरं, पण रडायची रीत प्रत्येकाची वेगळी. कोहलींसाठी तक्रार म्हणजे सकाळचा व्यायाम. मामींना ती असभ्यपणाची वाटते. गोव्याचे फुर्तादो चार पानी पत्र लिहितात आणि शेवटी क्षमा मागतात. यांतली कुठली तक्रार मनावर घ्यायची आणि कुठली कानाआड करायची हे ओळखणं म्हणजे माझी नोकरी. ती मला चांगली जमते, हे सांगायला मी लाजत नाही.

टिकली मीच आणवली. खरं नाव लांबलचक आहे, पण कानामागे चिकटवायची ती एवढीशी चकती, म्हणून सगळे तिला टिकलीच म्हणतात. माणूस अवघडला की त्याला बारीक घाम सुटतो. तो दिसत नाही, पण त्वचेतून वीज थोडी सहज वाहायला लागते. हे दोन-तीन सेकंदांत घडतं. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर निवांतपणी थोडं कमीजास्त होत असतं, ते ताठ, एकसारखं होतं. वीसेक मिनिटांनी घामात कॉर्टिसॉल वाढतं. टिकली हे तिन्ही मोजते. पहिले चाळीस दिवस ती फक्त माणसाची ओळख करून घेते, कारण एकाची घालमेल ती दुसऱ्याची रोजची तब्येत असते. त्यानंतर कोणी कितीही हसून सांगितलं तरी ती फसत नाही.

आणि त्रास कशाचा, हेही ती शोधते. कर्मचाऱ्यांच्या बिल्ल्यांवरून कोण केव्हा कुठल्या खोलीत होतं ते तिला कळतं. एकाच माणसाच्या भेटीनंतर पुन्हा पुन्हा त्रास दिसला, की यंत्र त्या माणसाविरुद्ध ‘अव्यक्त तक्रार’ नोंदवतं. अशा तीन झाल्या की चौकशी, आणि चौकशीत त्या खऱ्या ठरल्या तर सेवकाचं नाव राज्याच्या नोंदवहीतून तीन वर्षांसाठी कमी. मग त्याला कुठल्याही आश्रमात, इस्पितळात काम नाही.

यात एक पळवाट होती, ती मी बुजवली. निवासीला विचारलं, की तो घाबरून नाहीतर भिडेपोटी ‘छे छे, काही त्रास नाही’ म्हणतो. म्हणून मी नियमावलीत सातवं कलम घालून घेतलं: निवासीने नुसता नकार दिला, तर तो धरायचा नाही. त्या कलमाबद्दल मुंबईच्या परिषदेत मला टाळ्या मिळाल्या होत्या.

मार्गशीर्षातल्या सोमवारी एक तिसरी अव्यक्त तक्रार माझ्यासमोर आली. सेविका वनलालरुआती. निवासी शैलजा सबनीस, खोली एकवीस.

शैलजा सबनीस माझी आई.

आई चौऱ्याऐंशी वर्षांची. पस्तीस वर्षं कराडच्या पोस्टात खिडकीवर बसली. आख्ख्या गावाच्या तक्रारी ऐकल्या, स्वतःची एक केली नाही. बाबा गेल्यावर मी तिला माझ्या घरी ये म्हटलं, तर लेकीच्या घरी कायमचं राहत नाहीत, हे तिचं उत्तर ठरलेलं. मग स्वतःच्या पेन्शनीवर तिने इथे खोली घेतली. मी इथे नोकरीला आहे याचा तिला आनंद होता, पण खोली तिची होती. दारावर पाटी लावून घेतली. मी इतर दिवशी कामाच्या निमित्ताने डोकावत असे आणि रविवारी चार वाजता रीतसर भेटायला जात असे.

रुआती मिझोराममधल्या चंफाईची. वय चौतीस. इथे सहा वर्षं झाली, मराठी असं बोलते की फोनवर वाईची वाटावी. रविवार सोडून रोज साडेचारला आईकडे येते, तिची वेणी घालते, तेल लावते, आणि आठवड्यातून दोन-तीनदा घरून डब्यात काहीतरी आणते. चिकट तांदळाचं छांगबान गुळाबरोबर खायला आईला फार आवडतं. या रुआतीमुळे आईला त्रास होतो, असं यंत्राचं म्हणणं होतं.

नातं आडवं येत असल्याने चौकशी संचालकांकडे गेली. कर्नल नंजप्पा म्हणजे शिस्तीचा माणूस. त्यांनी गुरुवार नेमला. टिकलीच्या कंपनीचा तज्ज्ञ पडद्यावरून म्हणाला की हे नेहमीचंच आहे, परका चेहरा, परकं अन्न, म्हाताऱ्या माणसांच्या मनात अढी असते, ती त्यांना स्वतःलाही कबूल नसते. त्याने मराठी सेविका सुचवली. आणि मला लाज वाटते सांगायला, मला ते पटलं. तेच तर मी परिषदांमधून शिकवत होते.

मी आईकडे गेले. खोदून खोदून विचारलं. रुआती जोरात हात लावते का, वेणी ओढते का, तिच्या डब्याचा वास येतो का.

आईने चष्मा काढून पुसला. “रुआतीबद्दल माझं काही म्हणणं नाही.”

“मग टिकली लाल का होते?”

“ते तिला विचार,” असं म्हणून आईने कानामागे बोट दाखवलं आणि शब्दकोडं पुढे ओढलं.

मंगळवारी दुपारी मी कचेरीचं दार लावून कच्चे आकडे उघडले. एरवी ते कोणी उघडत नाही. यंत्र निकाल देतं, आपण निकाल वाचतो. भेट कोणाची हे ते सांगतं, भेटीत काय झालं हे नाही. मी रुआतीच्या चाळीस मिनिटांचा सेकंदासेकंदाचा आलेख पसरला. वेणी घालताना आईचं मन तळ्यासारखं. डबा खाताना तर बाबा होते तेव्हा असावं तसं. आणि निघायच्या मिनिटाला रेघ ताडकन वर. सगळ्या भेटी अशा नव्हत्या. डबा नसलेल्या दिवशी रेघ सपाट होती. गेल्या महिन्यातली शिखरं आधीच्यांपेक्षा उंच होती.

मग सहज म्हणून, खरंच सहज, मी आठवड्याचे बाकीचे दिवस पाहिले. रविवारी संध्याकाळी पाचला एक शिखर होतं. रुआतीच्या दुप्पट. मागच्या रविवारीही. त्याच्या मागच्याही. अठ्ठ्याण्णव रविवारांत एकही चुकला नव्हता. पाचला मी निघते.

यंत्राने माझ्याविरुद्ध तक्रार नोंदवली नव्हती, कारण रविवारी मी बिल्ला काढून ठेवते, लेक म्हणून जाते. नातेवाइकांविरुद्ध तक्रारीचा रकानाच नाही.

मला रडू आलं. त्याहून जास्त राग आला. दोन वर्षं एक रविवार चुकवला नव्हता मी. तापात गेले होते. आणि जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा माझ्यामुळे तिचा जीव जास्त टांगणीला लागत होता, असं तो आलेख सांगत होता. टिकली खोटं बोलत नाही, हे मीच सगळ्यांना सांगत आले होते. त्या दुपारी मी तीन निवासींवर उगाच खेकसले.

बुधवारी साडेचारला मी आईच्या खोलीत जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. रुआती आली. चौकशीची नोटीस तिला मिळाली होती. डोळे सुजले होते, पण वेणी तशीच हलक्या हाताने घातली, डबा आणला होता तो उघडला. आईने चवीचवीने खाल्लं. मग उठली, डबा हातात घेऊन त्या बुटक्या बेसिनकडे जायला लागली, तोच रुआतीने हसत तो तिच्या हातातून काढून घेतला. राहू दे आजी, मी घरी घासते, म्हणाली. आई तिथेच उभी राहिली. एक हात पुढे तसाच. तिने फळीकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, मग खाली फरशीकडे. रुआती दार लोटून गेली.

मला फोनवरची रेघ बघायचीसुद्धा गरज नव्हती. आईच्या चेहऱ्यावर मला कराडचं स्वयंपाकघर दिसलं. शेजारच्या काकूंचा वाडगा. तो आई घासून, पुसून ओट्यावर ठेवायची आणि आत काही घातल्याशिवाय माझ्याजवळ द्यायची नाही. काही नसेल तर चिमूटभर साखर. रिकामं भांडं परत जात नाही, हे मी चालायला लागले तेव्हापासून जाणते. आणि माहेरी आलेली लेक रिकाम्या हाताने जात नाही, हेही. मामींच्या कवळीपर्यंत पोचले, फुर्तादोंच्या चार पानांमधला दुखरा भाग हुडकला, आणि स्वतःच्या आईच्या बाबतीत काखेत कळसा नि गावाला वळसा.

नियम चौदा: कोणत्याही निवासीने कर्मचाऱ्याला कोणतीही वस्तू वा खाद्यपदार्थ देऊ नये. एका आजोबांनी सेवकाला सोन्याची अंगठी दिली, दुसऱ्या दिवशी विसरले, पोलीस आले, तेव्हा मी तो लिहिला होता. नियम पंधरा: मुंग्या होतात आणि मधुमेहींना मोह होतो, म्हणून खोलीत खाद्यपदार्थ ठेवू नयेत. तोही माझाच. माझ्या दोन नियमांनी आईच्या घरातली साखर संपवली होती. आणि मीही कर्मचारीच.

“आई, मी रविवारी निघते तेव्हा तू कपाट का उघडतेस?”

ती पलंगावर बसली. बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

“सवय,” ती म्हणाली. “माहेर म्हणून येतेस ना इथे? लेक ओंजळ रिकामी घेऊन जाते, आणि मी दारात उभी राहून बघते. ती पोर स्वतःच्या हाताने करून आणते, तिचा डबाही मी पुसून भरू शकत नाही. आता तर धूऊही देत नाही. घर कसलं हे. मी नुसती घेणारी झाले.”

“मग बोलली का नाहीस? दोन वर्षं?”

“कोणाला बोलू? नियम तुझा. मी आई म्हणून सांगितलं असतं, तर तू माझ्यापुरता मोडला असतास. लोकांनी तुझ्याकडे बोट दाखवलं असतं. ते नको होतं मला.”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, बिल्ल्यासकट. ती केसांतून हात फिरवत राहिली.

रुआतीला मी खाली बागेत गाठलं. सगळं सांगितलं तर ती आधी थक्क झाली, मग स्वतःवरच चिडली. ती म्हणाली की निघताना आजींचा चेहरा उतरतो हे तिने पाहिलं होतं. त्या दमतात असं वाटलं, म्हणून महिनाभर ती डबा घाईने उचलत होती, घासायचेही कष्ट नकोत म्हणून. तिच्या गावी दुसऱ्यासाठी करावं आणि परतफेडीची वेळसुद्धा त्याच्यावर येऊ देऊ नये, याला मोठा मान आहे, त्लॉमङाईना म्हणतात. “आईने मला तेच शिकवलं, मॅडम,” ती म्हणाली. “परत काही घेतलं असतं तर मलाच लाज वाटली असती.” दोघी एकमेकींना जपत होत्या आणि यंत्र त्याची तक्रार करत होतं.

उद्या आलेख दाखवला की झालं, असं मला वाटत होतं. मी वादात सहसा हरत नाही.

गुरुवारी अकरा वाजता जुन्या शाळेच्या वाचनालयात चौकशी बसली. कर्नल, पडद्यावर तज्ज्ञ, रुआती, आई, मी. मी आलेख मांडला, माझे रविवारही मांडले. तज्ज्ञ कौतुकाने म्हणाला, निरीक्षण सुंदर आहे. पण हा तुमचा अंदाज. यंत्राकडे डब्याची नोंद नाही, साखरेची नाही. शिवाय तुम्ही त्यांच्या कन्या. कर्नलांनी आईला विचारलं, रुआतीबद्दल तक्रार आहे का. आई म्हणाली, मुळीच नाही. कर्नलांनी खिन्नपणे मान हलवली आणि सातवं कलम वाचून दाखवलं. नुसता नकार धरायचा नाही. माझ्या शब्दांत, माझ्या स्वल्पविरामांसकट.

रुआती खाली बघत होती.

मग कर्नलांनी पुढची ओळ वाचली. निवासीने स्वतः, स्वतःच्या तोंडाने, त्याच त्रासाचं वेगळं कारण देऊन व्यक्त तक्रार नोंदवली, तर अव्यक्त तक्रारी रद्द होतात. बोललेली तक्रार न बोललेलीपेक्षा मोठी. ही ओळही माझीच होती. मी ती विसरले होते, कारण ती वापरायची वेळ कधी आली नव्हती.

“तक्रार कोणाविरुद्ध करायची असते?” आईने विचारलं.

“नियम ज्याने केला त्याच्याविरुद्ध,” कर्नल म्हणाले. त्यांनी हेही सांगितलं की ती मान्य झाली तर त्या अधिकाऱ्याच्या सेवापुस्तकात लेखी ठपका जातो.

आईने माझ्याकडे पाहिलं. मला तिची भाषा येते. दोन वर्षं जे गिळलं ते माझ्यासाठीच गिळलं, आता तू मला हे करायला लावणार का, असं ती विचारत होती.

“आई, कर,” मी म्हणाले. “ठपका मला पेलेल. तिची तीन वर्षं जातील.”

“लेकीविरुद्ध?”

“खरं आहे ना?”

ती उठून उभी राहिली. बसूनही चाललं असतं, पण ती उभीच राहिली. घसा खाकरला. चौऱ्याऐंशी वर्षांत केली नव्हती ती गोष्ट करताना तिचा आवाज कापत होता, शब्द मात्र कापत नव्हते.

“लिहून घ्या,” ती म्हणाली.

लिहून घ्यायचा अधिकार इमारतीत एकाच माणसाला होता. मी तक्रारपत्रक समोर ओढलं. तक्रारदार, शैलजा गोविंद सबनीस. गैरअर्जदार, शलाका गोविंद सबनीस. आईने सावकाश सांगितलं. माझी खोली हे माझं घर आहे. माझ्या घरून कोणी रिकामं जाणं हा माझा अपमान आहे. शलाकाने नियम करताना तो चोराला डोळ्यांसमोर ठेवून केला, माझ्यासारखीला नाही. विचारायला आली नाही. वनलालरुआती हिचा यात काही दोष नाही, तिच्या हाताची मला सवय झाली आहे आणि तीच मला हवी आहे.

मी एकेक शब्द लिहिला. कर्नलांनी शिक्का मारला आणि रुआतीच्या नावापुढच्या तिन्ही लाल ओळी एकामागून एक मिटल्या. रुआतीने ओंजळीत तोंड झाकलं.

शेवटी गैरअर्जदाराच्या उत्तराचा रकाना उरला. उत्तराला पंधरा दिवसांची मुदत असते, आणि इतकी वर्षं मी इतरांच्या वतीने तिथे ‘गैरसमजातून घडले असावे’ असं गोलमोल काहीतरी लिहीत आले. मी लिहिलं, तक्रार खरी आहे, नियम बदलते. सही केली आणि कागद आईकडे सरकवला.

तिने तो वाचला. पुन्हा वाचला. मग पाठ ताठ करून खुर्चीत नीट बसली, टेबलावर हात ठेवले.

“आता दुसरी लिही.”

“दुसरी?”

“रविवारी येतेस,” आई म्हणाली, “आणि मी कशी आहे ते फोनमध्ये बघतेस. माझ्या तोंडाकडे बघत नाहीस.”

कर्नल खिडकीबाहेर बघायला लागले. मी नवीन पत्रक घेतलं आणि लिहून घेतलं. तीही खरी होती.